चुलीचा धूर आणि स्वच्छ हवेचा मान

माझी नोकरी हवा ओढायची. हसा, सगळेच हसतात, मला सवय झालीय. माहेरी जामसंड्याला गेले की बायका विचारतात, "काय गो सुमा, नोकरी करतंस म्हणे, कसली?" मी सांगते, गच्चीवर चढते, पंपाचं चाक फिरवते, त्याने हवा आत ओढली जाते, हवेतली धूळ कागदावर बसते, तो कागद डबीत घालते आणि डबी शहरात विद्यापीठाला पाठवते. मग एक जण म्हणते, "धुळीचे पैशे देतत? मगे आमच्या पडवेतली घेवन जा गो, केरसुणी मी देतंय."

पण ती धूळ नाही चालत. त्यांना समुद्रावरची पाहिजे, अगदी बारीक, डोळ्याला दिसत नाही अशी. हे मला धाकट्या साहेबांनी समजावून सांगितलं होतं. विद्यापीठात एक गट आहे, तो हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करतो, धाकटे साहेब त्या गटात वयाने आणि मानाने सगळ्यात खाली. ते म्हणाले, लाटा फुटतात ना, त्यांचे तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचा कण हवेत तरंगत राहतो, तो वर जातो, त्याच्याभोवती पाणी जमतं, असे पुष्कळ थेंब झाले की ढग, आणि ढगातून पाऊस. मला एवढं आवडलं ते! मी धावत जाऊन भागीकाकीला सांगितलं. भागीकाकी म्हणजे आमची शेजारीण, मासे सुकवते, माझी सासू वारली तेव्हापासून सासूचं कामही तीच बघते.

काकी म्हणाली, "म्हंजे पावसाच्या पोटात मीठ आसा?"

"असं साहेब म्हणतात."

"मगे पाऊस खारट कित्याक लागणा नाय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, कण फार लहान असतो. काकीला ते सांगितलं तर ती म्हणाली, "लहान आसा तर एवढी मोठी जीप घेवन कशाक येतत?"

तर ती गच्ची. आमच्या वाडीत, मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी एक जुनी दगडी कोठी आहे, पूर्वी तिथे जकात घ्यायचे. माझं घर तिला चिकटून. गच्चीवर जायला लोखंडी शिडी, खाऱ्या हवेने गंजलेली, पाय ठेवला की कुरकुरते. पहिल्यांदा चढले तेव्हा माझी मुलगी मंदी तीन महिन्यांची होती, अंगात दम नव्हता, मधल्या पायरीवर अडकले ती अडकलेच, वर जाववेना की खाली येववेना. मी मुळात भित्री. शिडीला भिते, जीपला भिते, गटाचे प्रमुख ते मोठे साहेब, त्यांच्या चष्म्याला तर फारच भिते. पण आमचे हे बोटीवर खलाशी, कधी येतील कधी नाही, मनीऑर्डर आली तर आली, आणि आधी जो माणूस हे काम करायचा तो मुंबईला निघून गेला होता, आणि वाडीत आकडे वाचता येणारं रिकामं माणूस मीच. पाचवी झालेली. सहावीत जाणार तेवढ्यात लग्न ठरलं.

काम दुपारचं. दुपारी खारं वारं सुटतं, समुद्राकडून येतं, आणि समुद्रात कोणाची चूल नसते, म्हणून ती हवा कामाची. सकाळी उलटं, सकाळी मतलई वाहते, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे अख्ख्या वाडीच्या चुली ओलांडून. तेव्हा चाक फिरवलं तर कागदावर भाकरीचा, पेजेचा आणि तात्या गावकाराच्या बिडीचा धूर येणार. म्हणून नियमच होता, चाक सुरू असताना जवळपास धूर नको. दुपारी कोणी चुकून काही पेटवलं तर मी वरून ओरडायची, "काकीऽ, मागल्या दारचा जाळ विझवा गो!" आणि काकी खालून, "विझवतंय गो बाय, तुझो पाऊस काळो पडात!"

आता मोठ्या साहेबांच्या गटात मान कसा मिळतो ते सांगते, कारण ही सगळी हकिकत मानाचीच आहे. ते लोक एक लेख लिहितात, त्यावर नावं असतात. पहिलं नाव मोठ्या साहेबांचं. दुसरं, ज्या अधिकाऱ्यांनी जीप मिळवून दिली त्यांचं. तिसरं अशा एका साहेबांचं की ज्यांनी मालवण पाहिलेलं नाही, मासे चालत नाहीत म्हणून. आणि शेवटी धाकट्या साहेबांचं, जे होडीत बसून तोंडाला रुमाल लावून ओकत ओकत काचपट्ट्या धरायचे. काचपट्टी म्हणजे बोटभर काच, तिला चिकट लेप लावलेला, वाऱ्यासमोर धरली की मिठाचे कण तिच्यावर अडकतात. मी एकदा त्यांना म्हटलं, सगळं तुम्ही करता आणि नाव तळाला? ते म्हणाले, "तळाला बरं असतं वहिनी, पडायची भीती नसते."

वर्षाच्या शेवटी त्यांच्यात समारंभ होतो. शाल, श्रीफळ, कागदावर छापलेली स्तुती. श्रीफळं आमच्या वाडीतली. खरंच, जीप परत जाताना मागच्या बाजूला नारळ भरून नेत, आणि तेच नारळ तिकडे हार घालून एकमेकांच्या हातात देत. एका वर्षी एका साहेबांना खडतर क्षेत्रकार्याबद्दल मान मिळाला. ते दोन दिवस आले होते, डाक बंगल्यात उतरले, सुरमई खाल्ली, नाक उन्हाने सोललं. सोललेल्या नाकाचा फोटोही लागला म्हणे. ते भागीकाकीने ऐकलं तेव्हा तिने आपल्या घोवाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, बोट केलं, त्यांची अख्खी पाठ सोललेली असते बारा महिने, आणि म्हणाली, "हेंका तर म्हैस देवक होयी."

तर एका हिवाळ्यात धाकटे साहेब आले ते घाबरेघुबरे. म्हणाले, वहिनी, समिती येणार आहे. तीन मोठी माणसं. ती हे गच्चीवरचं केंद्र बघणार, पसंत पडलं तर आपल्या केंद्राला मान्यता मिळणार, केंद्र कायम होणार.

मी विचारलं, "आणि मी?"

ते म्हणाले, "केंद्र कायम झालं तर तुम्हीही व्हाल. असं सर म्हणाले आहेत."

कायम! मला रात्रभर झोप नाही. कायम म्हणजे पावसाळ्यातसुद्धा पगार, मंदीला दूध, यांची मनीऑर्डर नाही आली तरी दुकानदाराच्या तोंडाकडे बघत उभं राहायला नको. मी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं, सातेरी माये, एवढं होऊ दे.

मग मोठे साहेब स्वतः जागा बघायला आले आणि दोन हुकूम देऊन गेले. पहिला, समितीला सकाळी गच्चीवर नेऊन सगळ्यांसमोर चाक फिरवायचं आणि कागद पांढराशुभ्र निघाला पाहिजे, कारण आपण लेखात लिहिलंय की ही किनाऱ्यावरची सगळ्यात शुद्ध हवा.

धाकटे साहेब म्हणाले, "सर, सकाळी वारा वाडीवरून येतो. दुपारी दाखवूया."

"दुपारी किल्ला आहे," मोठे साहेब म्हणाले. "पाहुण्यांना किल्ला दाखवायचा आहे. सकाळीच कण."

"पण सर, चुली..."

"नाही पेटवायच्या. एका सकाळचा तर प्रश्न आहे. त्यांच्या वाडीचं नाव परदेशात छापून येईल म्हणावं."

आणि दुसरा हुकूम जीपमध्ये बसता बसता, "आणि हो, बाई, समितीचं जेवण इथेच. माशाचं कालवण. गरम पाहिजे."

जीप गेली. धाकटे साहेब आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. चूल पेटवायची नाही आणि कालवण गरम.

वाडीला सांगायला मी घरोघर गेले, मंदीला कमरेवर घेऊन, धाकटे साहेब मागोमाग. रात्रीच रांधून ठेवा, सकाळी जाळ नको, बंब नको, बिडीसुद्धा नको. तात्या गावकार, वाडीचे मुख्य, ओटीवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "च्यायव नाय?"

"नाही तात्या."

"बिडीव नाय?"

"नाही."

"मगे माजो सकाळचो कोठो कसो साफ होतलो गो? ता तुज्या सायबान लिवल्यान हा काय खंय?"

सगळे हसले, मी रडायच्या बेतात. मी परदेशात नाव छापून येईल ते सांगितलं. एक जण म्हणाला, "छापून येवंदे, आमका वाचूक येणा नाय, तेंका आमी म्हायत नाय. बरा जमला."

तेवढ्यात भागीकाकी पुढे झाली. पदर खोचला आणि म्हणाली, "मेल्यांनो, नाव छापूक नको नि काय नको. ह्या चेडवाची नोकरी कायम होतली. घोव तेचो दर्यात, पोर पदरात. एक दिस थंड पेज खाल्लास तर कोण मरूचो नाय. काय हो तात्यानू, एक दिस कोठो थांबात ना?"

तात्या खोकले. म्हणाले, "थांबवतंय. सुमासाठी थांबवतंय." मग त्यांनीच ठरवून दिलं, समिती गेली हे सगळ्यांना कसं कळणार? तर सुमाने आपली चूल पेटवायची. कोठीजवळ धूर दिसला की समजायचं जीप गेली, मग ज्याने त्याने पेटवावं. आणि कालवण भागीकाकी खाडीपलीकडे आपल्या भावाकडे रांधणार आणि होडीतून आणणार. धाकट्या साहेबांनी काकीला हात जोडले. काकी म्हणाली, "हात जोडू नको झिला, होडीत टोप धरूक ये." धाकटे साहेब होडीचं नाव काढताच पांढरे पडले.

आता त्या सकाळचं.

मंदीला दोन दिवस सर्दी होती. उजाडताना ती खोकली, तो खोकला नेहमीचा नव्हता. कुत्र्याचं पिल्लू भुंकतं तसा. आणि श्वास आत घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज. मी उठून बसले. असं झालं की वाफ द्यायची, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छाती शेकायची, हे कोणीही सांगेल. पण वाफेला पाणी पाहिजे, पाण्याला जाळ पाहिजे, आणि आज जाळ नाही. बाहेर बघितलं तर सगळी वाडी अंधारी, थंड, एकाही घरावर धूर नाही. लोक ओटीवर नुसते बसलेले. चहाशिवाय. माझ्यासाठी. तात्या खांबाला टेकून न पेटवलेली बिडी तोंडात धरून बसले होते. मी कशी पेटवू? मी पेटवली तर सगळे पेटवणार, ठरलंच होतं तसं.

मी तेल हातावर चोळून चोळून गरम केलं आणि तिच्या छातीला लावलं. जरा बरं वाटल्यासारखं झालं. का मलाच तसं वाटून घ्यायचं होतं, देव जाणे. काकी तर खाडीपलीकडे. मग जीपचा आवाज आला. मी मंदीला गोधडीत गुंडाळून कोठीच्या खालच्या खोलीत शिडीच्या पायथ्याशी ठेवलं, म्हणजे वर ऐकू येईल, आणि वर गेले.

तीन पाहुणे. दोन जाड आणि एक म्हातारे, वाळलेले, काठी घेऊन आलेले. ते शिडी चढताना मीच घाबरले. मोठे साहेब कोट घालून, अशा दमट हवेत. त्यांनी भाषण सुरू केलं. गटाला काय काय मान मिळाले ते सांगितलं, कुठल्या वर्षी कोणती शाल, कुठल्या सभेत कोणी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं आता कणांचं सांगतील, पण मान संपेचनात. मी चाकाशी उभी, कान खालच्या खोलीकडे. खालून एकदा खोकला आला. मग काही नाही. काही नाही हे जास्त वाईट.

मग साहेबांनी नवा कागद पंपात घातला, मला खूण केली, मी चाक फिरवायला लागले. ते म्हणाले, "सभ्य गृहस्थहो, यंत्र आपलं काम करील. पण आपणही एक यंत्र घेऊन आला आहात, आपली फुप्फुसं. डोळे मिटा आणि या किनाऱ्यावरची सर्वांत शुद्ध हवा छातीत भरून घ्या."

तिघांनी डोळे मिटले. साहेबांनी मिटले. धाकट्या साहेबांनीसुद्धा मिटले. सगळ्यांनी हवा आत ओढली, हूंऽऽ करून, आणि मग एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत खालून माझ्या मुलीचा श्वास ऐकू आला. दार करकरावं तसा. आत जातोय, अडतोय, परत जातोय.

मी चाक सोडलं.

"बाई, हँडल!" साहेब ओरडले.

मी शिडीवर होते. कशी उतरले ते ठाऊक नाही, त्या शिडीची मला भीती वाटते हे तेव्हा विसरले. मंदीचे ओठ निळसर. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. उचलली, घरात पळाले, चुलीत चुडतं कोंबली, माडाची वाळकी पानं ती, भसकन पेटतात आणि धूर काय सोडतात! वर सोडणं, नारळाची वाळकी टरफलं, घातली, पाणी ठेवलं. माझ्या मनात नोकरी आली नाही. आली असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नाही आली. पाणी केव्हा उकळतंय एवढंच.

आणि धूर निघाला. कोठीजवळ धूर दिसला म्हणजे काय, जीप गेली. तात्यांनी पहिली काडी ओढली. मग पलीकडचं घर, मग त्याच्या पलीकडचं, सकाळपासून खोळंबलेले लोक, चुली पेटल्या, बंब पेटले, कोणी तर थंडी घालवायला अंगणात पाचोळ्याचा ढीग पेटवला. मतलई चांगली वाहत होती. सगळ्या वाडीचा धूर एकमेकांच्या हातात हात घालून गच्चीवर गेला. वर खोकण्याचा असा गोंधळ की खाली मला ऐकू येत होता. एक जाड पाहुणे म्हणत होते, "अहो, ही शुद्ध हवा थांबवा!"

मी मंदीला मांडीवर घेऊन टोपासमोर बसले, वर गोधडी धरली, पण एका हाताने गोधडी, एका हाताने पोर, आणि टोप हलतोय. तेवढ्यात कोणीतरी गोधडीचं दुसरं टोक धरलं. बघते तर काठीवाले म्हातारे सभासद. डोळ्यांतून पाणी वाहतंय, धुराने. धोतर सावरून चुलीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "तोंड जरा वर धरा तिचं. असं. घाबरू नका. आमच्या घरी नातवाला व्हायचं हे."

मी घाबरणार कशी नाही! पण ते गोधडी धरून बसले. वाफेत मंदीच्या कपाळावर थेंब जमले. थोड्या वेळाने ती रडली. मोठ्याने. रडायला श्वास लागतो, म्हणजे श्वास जात होता.

मोठे साहेब दारात आले, कोट काजळीने माखलेला. "सर," ते म्हाताऱ्यांना म्हणाले, "झाल्या प्रकाराबद्दल मी बाईंवर योग्य ती..."

"जीप काढा," म्हातारे म्हणाले. "यांना मालवणला डॉक्टरकडे न्या."

"पण सर, जीपने आपण किल्ल्याच्या धक्क्यावर..."

"किल्ला तीनशे वर्षं उभा आहे. अजून एक दिवस राहील."

जीपमध्ये मी, मंदी, ड्रायव्हर आणि धाकटे साहेब. धाकट्या साहेबांनी आपला कोट काढून मंदीवर घातला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, विचारलं, वाफ कोणी दिली? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, बरं केलंत. तेव्हा मला रडू आलं, ते थांबेना. दोन दिवस तिथेच राहिलो. मला खात्री होती, परत जाऊ तेव्हा गच्चीच्या दाराला कुलूप असणार.

कुलूप नव्हतं. पितळेची पाटी होती. "आदर्श निरीक्षण केंद्र."

मी भागीकाकीला विचारलं, हे कसं? काकी हसून हसून बेजार. म्हणाली, "आगो, मी टोप घेवन होडयेतसून उतारलंय, तर वयर धूर धूर. माका वाटला कोठयेक आग लागली. तर तुझो मोठो सायब तो काळो कागद हातात धरून सांगता काय, बगा, एका वाडयेच्या चुली पेटल्यो काय आमच्या यंत्रान लगेच धरल्यान! असा तिखट यंत्र दुसरीकडे खंय नाय! मुद्दाम दाकवक पेटवूक लावल्यो म्हणान सांगल्यान!"

"मुद्दाम?"

"मुद्दाम! आणि ते दोगे जाडे माना हलवतत. त्यांचो जीव कालवणात. बांगड्याची कडी बगली नि म्हणाले, मान्यता, मान्यता."

तो काळा कागद आता शहरात त्यांच्या विभागात काचेच्या चौकटीत लावलाय, धाकट्या साहेबांनी सांगितलं. खाली चार नावं. काकीने विचारलं, "तुमचा खंय?" ते म्हणाले, "तळाला." काकी म्हणाली, "आणि सुमाचा?" ते काचपट्ट्या मोजायला लागले. काकी म्हणाली, "धूर तेच्या चुलीचो, चुडतां माज्या माडाची, आणि नाव जीपवाल्याचा." तात्यांना वाटतं, सकाळी कोठा थांबवल्याबद्दल त्यांनाही एक शाल यायला हवी होती.

आणि मी? केंद्र कायम झालं, म्हणून त्याला कायम माणूस पाहिजे, आणि कायम माणूस मॅट्रिक पाहिजे. असा नियम निघाला. एक मॅट्रिक झालेला मुलगा आला होता, शिडी बघून परत गेला. तेव्हापासून योग्य माणूस मिळेपर्यंत मी तात्पुरती. पाटी कायम, पंप कायम, शिडीवरचा गंजसुद्धा कायम.

इथपर्यंत सांगून थांबले असते, पण मागच्या हिवाळ्यात मोठे साहेब परत आले. एक परदेशी पाहुणे येणार होते, फार मोठे, त्यांनी तो काळा कागद पाहिला होता आणि त्यांना तो चुलीचा प्रयोग प्रत्यक्ष बघायचा होता. साहेब माझ्या दारात खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच बसले.

"बाई, मी रुमाल हलवला की चूल पेटवायची. वाडीलाही सांगा. आणि तुम्ही मुलीला घेऊन चुलीपाशी बसा. घरगुती वातावरण दिसलं पाहिजे. ती थोडी खोकली तरी हरकत नाही, उलट..."

त्यांनी पुढे काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मंदी तिथेच दारात खेळत होती, शिंपल्यांची पेज रांधत होती. त्या सकाळनंतर धूर लागला की तिला धाप लागते, म्हणून मी हल्ली चूल मागच्या पडवीत नेलीय.

मी म्हटलं, "चूल पेटवीन साहेब. नाहीतरी पेज शिजवायचीच असते. मुलगी नसेल."

"नसेल म्हणजे?"

"घरात नसेल."

"बाई," साहेबांनी चष्मा काढून पुसला, "तुम्ही अजून तात्पुरत्या आहात. यंदा मी तुमच्यासाठी शब्द टाकणार होतो. विचार करून सांगा."

मी दाराची चौकट धरली. म्हटलं, "विचार झाला साहेब."

ते चष्मा घालून निघून गेले. मॅट्रिकचा नियम आहे तो आहेच.

पाहुणे आले त्या दिवशी पहाटेच भागीकाकी मंदीला घेऊन होडीतून खाडीपलीकडे गेली. साहेबांनी रुमाल हलवला. आमच्याकडे तात्यांनी पेटवली, ते हौसेने तयार होते, नवं धोतर नेसले होते. धूर आला, कागद काळा निघाला, उंच गोऱ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेब लवून उभे राहिले. मी चाक फिरवत होते आणि सारखी खाडीपलीकडे बघत होते. तिकडे धूर नव्हता. काकी पुळणीच्या वाळूत मासे पसरत होती आणि तिच्यामागे एक लहानसा लाल परकर इकडून तिकडे धावत होता, थांबत होता, परत धावत होता. धाप लागून बसतोय का बघत होते. बसला नाही.

पाहुण्यांचं लक्ष गेलं असावं. त्यांनी साहेबांना काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नाही, धाकट्या साहेबांनी मागाहून सांगितलं, पाहुणे विचारत होते, या बाई सारख्या तिकडे बघत काय करतायत?

साहेबांनी सांगितलं, निरीक्षण.

त्या दिवशी गच्चीवर ते एवढं एकच खरं बोलले.